आजी कोणाच्या घरात मोजली जाते?

पुण्याच्या एका परिचित गृहस्थांनी विचारलं आहे: "मुलगी अमेरिकेत समाजशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी तिने मॅसेडोनियन आणि युक्रेनियन स्थलांतरितांची आर्थिक स्थिती हा विषय घेतला आहे. घरटी उत्पन्न पाहिलं तर दोघांत फार अंतर दिसत नाही. मग दोन्ही समाज सारखेच सुस्थितीत आहेत असं म्हणायचं का? आणि युक्रेनियन लोक एवढे शिकलेले, तर ते बरेच पुढे का नाहीत?"

मी गेली बावीस वर्षं शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जनगणनेचे आकडे काढून देते, त्यांचा अर्थ लावून देते. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल, शनिवारी सकाळी, लोकांचं करविवरण मोफत भरून देणाऱ्या केंद्रावर बसते. त्यामुळे हे दोन्ही समाज मला तक्त्यातही भेटतात आणि टेबलापलीकडच्या खुर्चीतही. दोन्हीकडून जे दिसलं ते सांगते.

नाही, सारखे म्हणू नका. माझ्या पाहण्यात मॅसेडोनियन कुटुंबं मधल्या पट्ट्यात दाटीने बसलेली आहेत. युक्रेनियन समाज वरपासून पार तळापर्यंत पसरलेला आहे. दोन्हींचा मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न, जवळजवळ आला तरी घराघरांतली परिस्थिती वेगळी राहते. आणि हा फरक कोण किती कष्टाळू याचा नाही. माणूस कोणत्या दाराने देशात आला, कोणत्या वयात आला, आणि आल्यावर म्हातारपणी कोणाच्या आधाराने राहायचं हे कायद्याने कसं ठरवून दिलं, याचा आहे.

आधी मोजतोय कोणाला, ते मुलीला नीट पाहायला सांगा. जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत दोन वेगळे प्रश्न असतात: जन्म कोणत्या देशात झाला, आणि मूळ वंश कोणता. 'मॅसेडोनियात जन्मलेले' आणि 'मॅसेडोनियन वंशाचे' हे दोन वेगळे गट आहेत. पहिल्यात तेतोवो, गोस्तिवार, कुमानोवोकडचे अल्बेनियन येतात, कारण त्या देशाची साधारण चौथाई लोकसंख्या अल्बेनियन आहे. वंशाच्या रकान्यात मात्र ते 'अल्बेनियन' लिहितात. दुसऱ्या गटात इथेच जन्मलेली नातवंडं येतात. १९९१ मध्ये देश स्वतंत्र होण्याआधी आलेले कित्येक जण आजही जन्मदेश 'युगोस्लाव्हिया' सांगतात, आणि त्यांच्यातले जुने, चांगले स्थिरावलेले लोक तुमच्या तक्त्यातून निसटतात. सिनसिनाटी शहराची प्रसिद्ध चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, १९२२ मध्ये ज्या किराजिएफ बंधूंनी सुरू केली, त्यांचं गाव ऐतिहासिक मॅसेडोनियातलं, पण आज ते ग्रीसमध्ये आहे. असा माणूस आजच्या सर्व्हेत आला तर 'ग्रीसमध्ये जन्मलेला' म्हणून नोंदला जाईल.

युक्रेनच्या बाबतीत हाच घोळ उलट बाजूने होतो. 'युक्रेनियन वंशाचे' म्हणजे बहुतांश पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत १८७० नंतर आलेल्यांची चौथी-पाचवी पिढी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या विस्थापित कायद्याखाली आलेल्यांची मुलंबाळं. ती आता पूर्ण अमेरिकन मध्यमवर्ग आहेत. 'युक्रेनमध्ये जन्मलेले' म्हणजे मुख्यतः १९८० नंतर आलेले लोक, आणि त्यांत ओदेसा-कीवहून आलेले ज्यू मोठ्या संख्येने. त्यांतले बरेच जण स्वतःला युक्रेनियन म्हणवत नाहीत. एका तक्त्यात वंश आणि दुसऱ्यात जन्मस्थान घेऊन केलेली तुलना मी स्वतः तीन-चार अहवालांत पाहिली आहे. असे अहवाल सरळ बाजूला ठेवावेत.

मग येतो नमुन्याचा प्रश्न. हा सर्व्हे दर वर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो आणि साधारण २० लाख घरांची माहिती पूर्ण होऊन येते. देशात घरं आहेत १४ कोटींच्या वर. म्हणजे शंभरांत दीड घरसुद्धा नाही. मॅसेडोनियात जन्मलेले लोक साऱ्या अमेरिकेत पंचवीस-तीस हजारांच्या आसपास. म्हणजे एका वर्षाच्या नमुन्यात त्यांची चारेकशे माणसं, घरं म्हणाल तर दीडशेच्या आगेमागे. दहा घरं इकडची तिकडे झाली की गरिबीची टक्केवारी सहा-सात अंकांनी हलते. युक्रेनमध्ये जन्मलेले २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर होते, त्यांचा आकडा बराच घट्ट बसतो. तेव्हा एका वर्षाचे आकडे घ्यायचेच नाहीत, पाच वर्षांचा एकत्रित संच घ्यायचा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी छापलेली त्रुटीची मर्यादा वाचायची. दोन आकड्यांतला फरक त्या मर्यादेत बसत असेल तर तिथे पहिला-दुसरा नंबर लावू नये.

आता मूळ मुद्दा, दारांचा.

मॅसेडोनियन लोकांकडे एक जुना शब्द आहे, 'पेचालबा'. परमुलखात जाऊन कमवायचं, पैसे गावी पाठवायचे, जमलं तर परतायचं. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी मुंबईहून मनीऑर्डर करायचा, तसंच. १९०३ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध झालेल्या इलिंदेन उठावानंतर ही माणसं इलिनॉयमधल्या ग्रॅनाइट सिटीच्या आणि इंडियानातल्या गॅरीच्या पोलाद कारखान्यांत आली. १९६५ च्या कायद्याने नातेवाइकांना बोलावण्याची वाट मोकळी केली, आणि तेव्हापासून मुख्य दार हेच आहे: आधी एक भाऊ, मग त्याची बायको, मग आईवडील, मग दुसरा भाऊ. भावंडांच्या अर्जाला पंधरा-पंधरा वर्षं लागतात. या दाराला एक अट आहे. बोलावणाऱ्याने हमीपत्र द्यायचं की माझं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे आणि मी यांना सांभाळीन. चार माणसांच्या कुटुंबाला २०२५ ची रेषा ३२,१५० डॉलर होती. सव्वापट म्हणजे ४० हजारांच्या वर. येणारा माणूस येतानाच कोणाच्या तरी उभ्या घरात येतो. खोली तयार असते, काम बऱ्याचदा ठरलेलं असतं.

युक्रेनचं मोठं दार निर्वासितांचं होतं. १९८९ मध्ये लॉटेनबर्ग दुरुस्ती नावाची तरतूद झाली. तिने सोव्हिएत संघातले ज्यू, इव्हँजेलिकल ख्रिस्ती, युक्रेनियन कॅथलिक आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स यांना निर्वासित दर्जा मिळवणं सोपं केलं. घरंच्या घरं उठून आली: ब्रुकलिनच्या ब्रायटन बीचवर ज्यू, सॅक्रॅमेंटो, पोर्टलंड आणि सिएटलकडे पेंटेकोस्टल या इव्हँजेलिकल पंथाची कुटुंबं. निर्वासिताला कोणी हमीपत्र देत नाही, त्याची जबाबदारी सरकार घेतं. आईवडील, आजीआजोबा, साठ-पासष्ट वर्षांचे, इंग्रजीचा एक शब्द न येणारे, सगळे एकाच विमानाने.

इथे आजीचा हिशेब सुरू होतो. सांगितल्याशिवाय तो कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

नातेवाइकांच्या दाराने आलेल्या मॅसेडोनियन आजीला, १९९६ च्या कायद्यापासून, वृद्धांसाठीची एसएसआय ही सरकारी मदत सहजी मिळत नाही. नागरिक व्हावं लागतं किंवा दहा वर्षांच्या नोकरीची नोंद लागते. ती मुलाच्या घरीच राहते. सर्व्हे करणारा येतो तेव्हा त्या घरात मुलाचा पगार, सुनेचा पगार आणि कदाचित कॉलेजात जाणाऱ्या नातवाची अर्धवेळ कमाई असते. आजीचं स्वतःचं उत्पन्न शून्य. पण गरिबी कुटुंबाच्या एकत्र उत्पन्नावर मोजली जाते, म्हणून आजी गरीब नाही.

युक्रेनियन आजी निर्वासित म्हणून आली. तिला एसएसआय लागू होतं, आणि पुढे वृद्धांसाठीच्या अनुदानित इमारतीत वेगळं घर मिळतं. ती आणि आजोबा वेगळं कुटुंब म्हणून मोजले जातात. २०२५ मध्ये जोडप्याला केंद्राची एसएसआय महिना १,४५० डॉलर होती, वर्षाचे १७,४००. दोन माणसांची दारिद्र्यरेषा २१,१५०. म्हणजे ही मदत पूर्ण मिळाली तरी जोडपं गरिबांतच मोजलं जाणार. शिल्लक टाकावी म्हटलं तर जोडप्याला बँकेत ३,००० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. त्यातच निर्वासिताला ही मदत सात वर्षंच, पुढे नागरिकत्व लागतं. सत्तरीत इंग्रजीची परीक्षा द्यायची या धास्तीने रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि तरीही ही आजी रोज कशी जगते हे तेवढ्यावरून कळत नाही. घरभाड्यातली सवलत आणि धान्याची मदत अधिकृत गरिबी मोजताना उत्पन्नात धरतच नाहीत. पूरक दारिद्र्यमापन नावाची दुसरी पद्धत आहे, तीत धरतात. शिवाय अधिकृत रेषा ब्रुकलिनला आणि ओहायोतल्या छोट्या गावाला एकच आहे. महागड्या शहरात एकवटलेल्या समाजाला ती एका बाजूने फसवते आणि अनुदानाच्या बाबतीत दुसऱ्या बाजूने. म्हणून मुलीने वयोगट वेगळे केलेच पाहिजेत. पासष्टच्या वरची माणसं बाजूला काढून पंचवीस ते चौसष्टची तुलना केली की चित्र किती बदलतं ते तिने स्वतः करून पाहावं. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडून ही चूक झाली होती. सगळ्या वयांचा एकच आकडा मी एका संस्थेला दिला, आणि तरुण युक्रेनियन मातांच्या रोजगार वर्गासाठीचे पैसे वृद्धांच्या भोजन योजनेकडे वळले. ते मला अजून लागून आहे.

हे आपल्यालाही अगदी परकं नाही. अमेरिकेचा युक्रेनशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही, उत्तर मॅसेडोनियाशी (मॅसेडोनियाचं आजचं अधिकृत नाव) नाही, तसाच भारताशीही नाही. कीवच्या कारखान्यातली तीस वर्षं इथे शून्य धरली जातात. आपली मुलं एच-वन-बीवर सहा-सात वर्षं काम करून परत जातात तेव्हा त्यांनी इथे भरलेली वर्गणीही अशीच मागे राहते.

शिक्षणाबद्दल विचारलंत. पंचविशीच्या पुढच्या युक्रेनियन स्थलांतरितांत निम्म्याच्या आसपास पदवीधर आहेत, इथल्या एकूण प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. पण पदवी कोणत्या वयात इथे आली हे पाहा. मॅक्स लेव्हचिन कीवमध्ये जन्मला, १९९१ मध्ये सोळाव्या वर्षी शिकागोत आला, इलिनॉय विद्यापीठात शिकला आणि पेपाल उभारणाऱ्यांत गणला गेला. यान कुम हाही कीवमध्ये जन्मलेला, १९९२ मध्ये सोळाव्या वर्षी आईबरोबर कॅलिफोर्नियात आला. घर फूड स्टॅम्पवर, म्हणजे सरकारी धान्य-मदतीवर, चालत होतं. त्याचं व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना घेतलं. त्याच दाराने चाळिशीत आलेला डॉक्टर मात्र इथल्या परवाना परीक्षा, मग रेसिडेन्सी, मग पुन्हा शिकाऊ पगार या रांगेत उभा राहतो, आणि घर चालवायचं म्हणून मध्येच रांग सोडतो. माझ्यासमोर एकदा एक बाई बसल्या होत्या. विवरणात व्यवसाय लिहायचा होता. त्यांनी आधी 'स्थापत्य अभियंता' सांगितलं, मग थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "घरं साफ करते, तेच लिहा." त्यांच्या हातावर ब्लीचने सोललेली कातडी होती. सर्व्हेत त्या पदवीधर आहेत आणि कमी उत्पन्नाच्याही आहेत. शिक्षणाचा आणि कमाईचा मेळ बसत नाही तो अशा ठिकाणी. मॅसेडोनियन समाजात पदवीवर एवढी मदार नव्हती, त्यामुळे पदवी वाया जाण्याचं नुकसानही कमी झालं. भावाच्या हॉटेलात, मेव्हण्याच्या बांधकामात, चुलत्याच्या ट्रकवर पहिल्या सोमवारपासून काम मिळायचं.

ट्रकचं म्हणाल तर शिकागोच्या उपनगरांत हे दोन्ही समाज अक्षरशः शेजारी उभे आहेत. ट्रक कंपन्या मॅसेडोनियन आणि सर्बियन लोकांच्या, युक्रेनियन आणि लिथुआनियन लोकांच्या. कागदावर उत्पन्न फसवं दिसतं ते इथे. स्वतःचा ट्रक असलेला माणूस आठवड्याचं सेटलमेंट टेबलावर ठेवतो. समजा वर लिहिलंय ७,००० डॉलर. खाली डिझेल २,०००, ट्रकचा हप्ता, ट्रेलरचं भाडं, विमा, डिस्पॅचचे टक्के, टोल, आणि एखाद्या आठवड्यात एका टायरचे पाचशे. हातात १,५०० राहतात, तेही सहा रात्री केबिनमध्ये झोपून. सर्व्हेत खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न विचारतात, पण मी पाहिलेल्यांपैकी निम्मे लोक वरचाच आकडा सांगतात. उरलेले, करविवरणात घसारा आणि रोजभत्ता वजा करून जो बारीक आकडा येतो तो सांगतात. दोन्ही खरे नाहीत. स्वयंरोजगारी माणसं ज्या समाजात जास्त, त्याच्या घरटी उत्पन्नावर मी फारसा विसंबत नाही.

घरटी उत्पन्नाला आणखी एक खोट आहे: घरात किती कमावते हात, किती खाती तोंडं. मॅसेडोनियन घरात तीन-चार पगार एका छपराखाली असतात, म्हणून घरटी आकडा भरदार दिसतो. सॅक्रॅमेंटोच्या पेंटेकोस्टल कुटुंबांत मुलं सहा, सात, आठसुद्धा असतात, तिथे तेच उत्पन्न डोई वाटलं की पातळ होतं. घरटी, डोई आणि पूर्णवेळ काम करणाऱ्याची कमाई असे तीन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी कोणालाही मत देत नाही.

उत्पन्नापेक्षा मला साठवलेली संपत्ती जास्त बोलकी वाटते, आणि सर्व्हे तिच्याबद्दल फार थोडं सांगतो. घर स्वतःचं की भाड्याचं, आणि स्वतःचं असल्यास त्यावर कर्ज आहे का आणि किंमत किती, साधारण एवढंच. माझ्या ओळखीच्या एका मॅसेडोनियन घरी सप्टेंबरच्या शनिवारी गॅरेजचं दार उघडं असतं. लाल मिरच्यांची खोकी छातीपर्यंत रचलेली. आजी आणि दोन सुना त्या भाजून, सोलून, आयवार ही त्यांची मिरचीची चटणी घोटत असतात. धुराने डोळे चुरचुरतात. खालचं तळघर भाच्याला भाड्याने दिलेलं. शेजारचं घर थोरल्या भावाचं. कर्ज बहुतेक फिटलेलं. ही सुरक्षितता पगारात दिसत नाही. आणि याच कुटुंबाने मॅसेडोनियात स्त्रुगाजवळच्या गावी तीन मजली घर बांधलं आहे, वर्षाचे अकरा महिने बंद. तो पैसा इथल्या कमाईतून गेला, पण इथल्या कोणत्याही तक्त्यात नाही.

युक्रेनियन समाजाची जमेची बाजू त्यांच्या संस्था आहेत. १८९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शामोकिन या खाणगावात त्यांनी युक्रेनियन नॅशनल असोसिएशन उभी केली. खाणीत माणूस गेला तर त्याच्या विधवेच्या हाती विम्याचे चार पैसे यावेत, हा हेतू. महायुद्धानंतर आलेल्यांनी शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांत आपल्या पतसंस्था काढल्या, आणि नव्याने आलेल्याला बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा घरासाठी कर्ज या पतसंस्थांनी दिलं. मॅसेडोनियन लोकांत हे काम नातेवाईक आणि चर्चचं सभागृह करतं. आतल्या माणसाला ते फार भक्कम असतं, पण ज्याचं इथे कोणीच नाही त्याला त्याचा उपयोग होत नाही.

२०२२ नंतर आलेले युक्रेनियन लोक मी कधीही बाकीच्यांत मिसळत नाही, मुलीनेही मिसळू नयेत. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'युनायटिंग फॉर युक्रेन' योजनेखाली लोक दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवानगीवर आले. जानेवारी २०२५ मध्ये ती योजना थांबवली गेली. युद्ध सुरू होताच १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई झाली, म्हणून येणाऱ्यांत बायका, मुलं आणि आज्या जास्त. एक पगार, तीन-चार तोंडं, भाड्याचं घर. त्यांना सर्व्हेत मोजलं की 'युक्रेनमध्ये जन्मलेले' हा आकडा एकदम खाली येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तीस वर्षांपूर्वी आलेला समाजच घसरला.

तर मुलीला सांगा, तक्ता तिने असा करावा: दोन्हीकडे जन्मस्थान हीच व्याख्या, पाच वर्षांचा संच, वय पंचवीस ते चौसष्ट, आणि १९९० ते २०१० या काळात आलेलेच. २०२२ नंतरचे वेगळ्या रकान्यात. मग कमाई, स्वतःचं घर आणि गरिबी, तिन्ही त्रुटीच्या मर्यादेसकट. एवढं केल्यावर माझा अंदाज असा की कामाच्या वयात दोन्ही समाज बरेच जवळ येतील, वरच्या पगारांत युक्रेनियन पुढे असतील आणि घराच्या मालकीत मॅसेडोनियन. रोजच्या जगण्याची खात्री कोणाला जास्त असं विचाराल तर मी मॅसेडोनियन कुटुंबांचं नाव घेईन.

गेल्या मार्चमध्ये खारकीवची एक मुलगी विवरण भरायला आली होती. वय तिशीच्या आत, पगार चांगला, वर्षाला ३८ हजार डॉलर. तिने विचारलं, "बँक घरासाठी कर्ज देईल का?" तिची फाइल उघडली तर राहण्याची परवानगी १९ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. गृहकर्ज तीस वर्षांचं असतं. मी तिला कर्जाचा अर्ज भरून दिला नाही. पतसंस्थेत खातं उघडायला सांगितलं आणि दर महिन्याला किती टाकता येतील याचा हिशेब दोघींनी मिळून केला.